तीन मतांचा मतदारसंघ

कारमार्थन गावात जुन्या किल्ल्याच्या दरवाज्यासमोर एक छोटा चौक आहे आणि चौकात ब्राँझचा एक पुतळा आहे. जनरल विल्यम नॉट, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी, पहिल्या अफगाण युद्धात नाव कमावलेला. वेल्समध्ये शिकायला होते तेव्हा एका रविवारी मी त्या गावात उतरले. पुतळ्याखालच्या कट्ट्यावर बसून सँडविच खाल्लं आणि परतीची ट्रेन पकडली. तो पुतळा कशाचा आहे हे नंतर कधीतरी वाचलं आणि दचकले. त्याचं ब्राँझ महाराजपूरच्या लढाईत हाती लागलेल्या तोफा वितळवून मिळवलेलं आहे. महाराजपूर म्हणजे ग्वाल्हेरजवळचं. २९ डिसेंबर १८४३ला तिथे कंपनीच्या फौजेने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला होता. म्हणजे मी ज्याच्या सावलीत बसले होते, त्या एकेकाळी शिंद्यांच्या तोफा होत्या.

त्या तोफांच्या निमित्ताने मी कारमार्थनचा इतिहास वाचायला घेतला आणि अडकले मात्र एका अगदी लहान आकड्यात. तो आकडा म्हणजे तीन.

फेब्रुवारी १९७४ची ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक. कारमार्थन मतदारसंघात पन्नास हजारांच्या आसपास मतं पडली. मजूर पक्षाच्या ग्विनोरो जोन्स यांना १७,१६५ आणि वेल्श राष्ट्रवादी पक्ष प्लाइड कमरीच्या ग्विनवोर एव्हान्स यांना १७,१६२. पुन्हा पुन्हा मोजल्यानंतरचा हा निकाल. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो खासदार, बाकीच्यांना काही नाही, ही पद्धत आपण ब्रिटनकडूनच घेतली आहे, त्यामुळे तीन मतांनी हरणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गावातल्या एखाद्या घरातली माणसं त्या दिवशी पावसाला कंटाळून बाहेर पडली नसती, तर खासदार बदलला असता.

सुरुवातीला मला हा नुसता गमतीचा योगायोग वाटला. मग मागची वर्षं चाळली. १९२८ची पोटनिवडणूक: लिबरल उमेदवार ४७ मतांनी विजयी. १९२९: मजूर पक्ष ६५३ मतांनी. १९४५ला देशभर मजूर पक्षाची लाट होती, तेव्हा याच मतदारसंघाने मजूर पक्षाकडून जागा काढून लिबरलांना दिली. त्या लिबरल खासदाराने, म्हणजे रीस हॉपकिन मॉरिस यांनी, १९५०ला ती राखली ती १८७ मतांनी आणि १९५१ला ४६७ मतांनी. इतक्या वेळा, इतक्या थोडक्यात? काही मतदारसंघ काठावर राहतात कारण तिथे दोन जमाती एकमेकींसमोर उभ्या असतात. कारमार्थनची गोष्ट तशी नव्हती. तिथे तंटा बऱ्याचदा एकाच माणसाच्या आत चालू होता, असं मला वाटतं, आणि ते का, हे सांगायला हा लेख.

रिबेकाच्या लेकी

शिंद्यांच्या तोफा पडल्या त्याच १८४३ सालच्या जूनमध्ये कारमार्थन गावातही सैन्य आलं होतं. नैऋत्य वेल्समधले छोटे शेतकरी तेव्हा टोलनाक्यांनी जेरीस आले होते. जमीन आंबट, तिला चुना घालावा लागे, आणि चुन्याची गाडी घरी आणेपर्यंत वाटेत नाक्यावर पैसे मोजावे लागत. १८३९मध्ये एव्हाइलवेन इथला नाका लोकांनी रात्री फोडला. पुरुष बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून येत. म्होरक्याला म्हणत ‘रिबेका’ आणि बाकीच्या तिच्या लेकी. बायबलमध्ये रिबेकाला आशीर्वाद आहे, की तुझी संतती वैऱ्यांच्या वेशींचा ताबा घेईल. नाक्याचं फाटक आणि वैऱ्याची वेस, हा धागा ज्यांच्या डोक्यात आला ते लोक बायबल कोळून प्यायलेले होते हे उघड आहे.

१९ जून १८४३ला मोठा जमाव मोर्चाने कारमार्थन गावात शिरला आणि वर्कहाउसवर चालून गेला. वर्कहाउस म्हणजे गरिबांना दोन घास देऊन डांबून ठेवायची सरकारी जागा. घोडदळ आलं, जमाव पांगला, धरपकड झाली. पण लंडनने चौकशी आयोगही नेमला आणि १८४४मध्ये दक्षिण वेल्सच्या टोलची व्यवस्था कायद्याने बदलली.

या गोष्टीत पुढच्या शंभर वर्षांचं राजकारण आहे. एका बाजूला कुळं: वेल्श बोलणारी, रविवारी चॅपेलमध्ये जाणारी. दुसऱ्या बाजूला जमीनदार: इंग्रजी बोलणारे, इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे. भाषा, धर्म आणि खंड, तिन्ही रेघा एकाच जागी पडत होत्या. त्यामुळे जमीनदारांचा हुजूर पक्ष इथे कधी घरचा झाला नाही. शेतकरी आणि चॅपेल मिळून लिबरल झाले, आणि बराच काळ तेवढं पुरलं.

दूध आणि कोळसा

मग कोळसा आला. मतदारसंघाच्या एका टोकाला ग्वेन्द्रायथ नदीची खोरी आहेत. तिथे अँथ्रासाइट मिळतो, म्हणजे कडक, चकचकीत, जवळजवळ बिनधुराचा कोळसा. खाणीभोवती गावं वाढली, संघटना आल्या, त्यांच्याबरोबर मजूर पक्ष आला. बाकी बहुतेक मुलूख हिरवा, ओला आणि गाईंचा. टावी नदीच्या खोऱ्यात दुधाचा धंदा. १९३३मध्ये दूध पणन मंडळ झालं आणि दर महिन्याला येणारा दुधाचा चेक हा त्या घरांचा आधार झाला.

नकाशावर हे सरळ दिसतं: दूध लिबरल, कोळसा मजूर. प्रत्यक्षात खाणीत उतरणारा माणूस अनेकदा शेतकऱ्याचाच मुलगा किंवा भाऊ होता. दोघांची भाषा वेल्श होती. १९६१च्या जनगणनेतही या काउंटीतली चारातली सुमारे तीन माणसं वेल्श बोलत होती. दोघं चॅपेलमध्ये एकाच बाकावर बसून एकच भजन म्हणत. त्यामुळे मतदान करताना माणूस स्वतःला कोण समजतो, यावर सगळं ठरे. आज मी कामगार आहे की शेतकऱ्याचा मुलगा? चॅपेलचा आहे की संघटनेचा? आणि पुढे त्यात आणखी एक प्रश्न आला: मी वेल्श आहे का, आणि असेन तर त्यासाठी वेगळं मत द्यावं लागतं का?

१९५७ची पोटनिवडणूक याचा चांगला नमुना आहे. हॉपकिन मॉरिस वारले. मजूर पक्षाने उमेदवार दिली मेगन लॉइड जॉर्ज, म्हणजे लिबरलांचे सगळ्यात मोठे वेल्श नेते आणि माजी पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज यांची मुलगी. ती स्वतः वेल्समधून निवडून आलेली पहिली स्त्री खासदार, आयुष्यभर लिबरल, नुकतीच मजूर पक्षात आलेली. वेल्सला स्वतःची संसद हवी या मागणीसाठी दोन लाखांहून जास्त सह्या गोळा करणाऱ्या मोहिमेची ती अध्यक्ष होती. समोरच्या लिबरल उमेदवाराने सुएझवरच्या लष्करी कारवाईची पाठराखण केली होती, आणि शांततेचे धडे चॅपेलमध्ये गिरवलेल्या मतदारांना ते रुचलं नसणार. मेगन ३,०६९ मतांनी जिंकली. आता सांगा, ते मत कुणाचं होतं? मजूर पक्षाचं, जुन्या लिबरल घराण्याचं, युद्धविरोधाचं की वेल्सचं? मला तरी ते वेगळं करता येत नाही.

टोमॅटोवाला खासदार

याच वर्षांत उत्तरेकडे एक गोष्ट घडली, जी वेल्समध्ये आजही भिंतींवर रंगवलेली दिसते. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं म्हणून ट्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव बुडवायचं ठरलं. १९५७मध्ये संसदेत कायदा झाला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरीही झाला. १९६५मध्ये गाव, शाळा, चॅपेल आणि पोस्ट पाण्याखाली गेलं. सगळे खासदार आपले असून उपयोग नाही, हा धडा लोकांनी त्यातून घेतला.

कारमार्थनच्या लोकांना हा धडा परका नव्हता. स्वान्सी शहराने धाकट्या ग्वेन्द्रायथच्या खोऱ्यात, ह्लानगिनडेर्न गावापाशी, असंच धरण बांधायचं ठरवलं होतं. (हे ‘ह्ल’ म्हणजे वेल्शमधले दोन एल. ‘ल’साठी जीभ टेकवायची आणि आवाज न काढता बाजूने हवा सोडायची. मला जमायला दोन महिने लागले.) १९६३च्या ऑक्टोबरमध्ये मोजणीदार आले तेव्हा शेतांच्या फाटकांना साखळ्या-कुलपं होती आणि आडवे ट्रॅक्टर लावलेले होते. धोका दिसला की चर्चची घंटा वाजवायची असं ठरलेलं. शेवटी स्वान्सीने नाद सोडला आणि धरण दुसरीकडे, डोंगरात, ह्लिन ब्रायान इथे झालं. इथलं गाव वाचलं.

याशिवाय रोजची दुखणी होतीच. कारमार्थनहून अबरिस्टविथला जाणारी रेल्वे १९६५मध्ये बंद झाली. लहान गावांतल्या शाळा बंद करायचे प्रस्ताव येत होते. खाणी बंद पडत होत्या. गाव एकदम मरत नाही. आधी गाडी बंद होते, मग शाळा, मग तरुण पोरं निघून जातात.

मार्च १९६६च्या निवडणुकीत मेगन लॉइड जॉर्ज पुन्हा निवडून आली, पण आजारपणामुळे तिला प्रचारही करता आला नव्हता. १४ मे रोजी ती वारली. पोटनिवडणूक लागली १४ जुलैला. प्लाइड कमरीचे उमेदवार होते पक्षाध्यक्ष ग्विनवोर एव्हान्स. मार्चमध्ये ते ७,४१६ मतं घेऊन तिसरे आले होते. ह्लानगादोग गावात काचघरांत टोमॅटो पिकवणारा, ऑक्सफर्डला शिकलेला, युद्धाला तत्त्वतः विरोध करणारा माणूस. गंमत म्हणजे ते बॅरी नावाच्या बंदरगावात इंग्रजी बोलणाऱ्या घरात वाढले आणि वेल्श नंतर शिकले. समोर मजूर पक्षाचे ग्विलिम प्रिस-डेव्हिस होते, तेही पक्के वेल्श बोलणारे, वेल्सला स्वतःचा कारभार हवा असं मानणारे. त्यामुळे ‘एक बाजू भाषेची आणि दुसरी भाषेविरुद्ध’ असं या निवडणुकीचं चित्र काढता येत नाही. वाद होता तो आपलं म्हणणं मोठ्या पक्षात राहून मांडायचं की त्याला धक्का देऊन, याचा.

कारमार्थनने धक्का दिला. एव्हान्स १६,१७९, प्रिस-डेव्हिस १३,७४३. साडेतीन महिन्यांत तिसऱ्याचा पहिला झाला. १९२५मध्ये स्थापन झालेल्या पक्षाला ४१ वर्षांनी पहिला खासदार मिळाला.

लंडनला पोचल्यावर एव्हान्स यांनी वेल्शमध्ये शपथ घ्यायची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. हे वाचून मी जरा वेळ थांबले. आपल्याकडे खासदार लोकसभेत मराठीत शपथ घेतो तेव्हा त्याची बातमीही होत नाही, कारण ती सोय आधीच करून ठेवलेली आहे. वेल्शला ज्या संसदेत शपथ घेण्याइतकीही जागा नव्हती, तिथे एव्हान्स यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी मंत्र्यांना प्रश्न विचारायचा धडाका लावला. वेल्समध्ये किती शाळा, किती रस्ते, किती नोकऱ्या, किती पैसा? उत्तरांच्या पुस्तिका निघाल्या, त्यांना नाव दिलं ‘कारमार्थनची काळी पुस्तकं’. ‘कारमार्थनचं काळं पुस्तक’ हे वेल्श भाषेतल्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांपैकी एकाचं नाव आहे. सरकारी आकड्यांच्या जंत्रीला त्यांनी मध्ययुगीन काव्याच्या पोथीचं नाव दिलं!

काठावर असण्याचा फायदा

१९७०मध्ये मजूर पक्षाने जागा परत घेतली. उमेदवार होते ग्विनोरो जोन्स, सत्तावीस वर्षांचे, ग्वेन्द्रायथ भागातल्या फोइलगास्टेल गावचे, वेल्श बोलणारे. मताधिक्य ३,९०७. मग फेब्रुवारी १९७४ला ती तीन मतं. आणि ऑक्टोबर १९७४ला पुन्हा निवडणूक झाली तेव्हा एव्हान्स ३,६४० मतांनी परत. आठ वर्षांत खासदार तीनदा बदलला.

मी हे सगळं वाचत होते तेव्हा मनात एक प्रश्न होता, आणि तो माझ्या घरातला आहे. मला इंग्रजी माध्यमात घातलं तेव्हा बाबांचं म्हणणं होतं, मराठी घरात आहेच, पोटाला इंग्रजी लागेल. त्यात काही चूक होती असं मी आजही म्हणू शकत नाही, मी परदेशात शिकले ते त्याच जोरावर. पण पोट एका बाजूला आणि भाषा दुसऱ्या, ही वाटणी मी तेव्हापासून गृहीत धरली. कारमार्थनमध्येही वरवर तीच वाटणी दिसते: मजूर पक्ष म्हणजे पोट, प्लाइड म्हणजे भाषा, आणि मधे तीन मतं.

पुढचं वाचल्यावर ती वाटणी डळमळली. ऑक्टोबर १९७४ला मजूर सरकारचं बहुमत होतं फक्त तीन जागांचं (पुन्हा तीनच), आणि काही वर्षांत तेही गेलं. प्लाइडचे तीन खासदार महत्त्वाचे झाले. त्यांनी पाठिंब्याची किंमत म्हणून मागून घेतला तो स्लेटच्या खाणींत धूळ खाऊन फुप्फुसं गमावलेल्या कामगारांना भरपाई देणारा कायदा. २८ मार्च १९७९ला अविश्वास ठरावावर हे तिघे सरकारबरोबर राहिले. सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं, पण भरपाईचा कायदा झाला. भाषेच्या पक्षाने खाणकामगारांच्या छातीचा प्रश्न सोडवला.

दुसऱ्या बाजूने पाहा. १९६६च्या धक्क्यानंतर मजूर पक्षाला वेल्समधल्या आपल्या पक्क्या जागांचीही खात्री वाटेना. १९६७मध्ये वेल्श भाषेचा कायदा झाला, न्यायालयात वेल्श बोलायचा हक्क मिळाला. १९६९मध्ये शाही आयोग नेमला गेला, त्याने १९७३मध्ये वेल्सला निवडून आलेली सभा द्यावी असं सुचवलं. हे सगळं एकट्या कारमार्थनने केलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. स्कॉटलंडमध्येही वारे वाहत होते. पण सुरुवात या गाई-कोळशाच्या मुलखाने केली. पोटाच्या पक्षाला भाषेचं बघावं लागलं, कारण जागा काठावर होती. ती कायमची एका पक्षाची असती, तर दोघांनाही एवढं धावावं लागलं नसतं.

जिंकलेलं आणि हरवलेलं

हे वाचून कारमार्थन म्हणजे वेल्श अस्मितेचा बालेकिल्ला असं वाटलं असेल, तर १९७९ आठवावं लागेल. १ मार्चला वेल्सला स्वतःची सभा हवी का यावर सार्वमत झालं. पाचातल्या चौघांनी नाही म्हटलं. कारमार्थन ज्या डवेड काउंटीत होतं तिथेही मोठ्या फरकाने ‘नाही’च. दोन महिन्यांनी एव्हान्स १,९७८ मतांनी हरले आणि जागा पुन्हा मजूर पक्षाकडे गेली. सरकार मात्र हुजूर पक्षाचं आलं. त्याने वेल्श दूरचित्रवाहिनीचं वचन मोडलं, तेव्हा एव्हान्स यांनी जाहीर केलं की ६ ऑक्टोबर १९८०पासून आमरण उपोषण करणार. सप्टेंबरमध्येच मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने माघार घेतली. १ नोव्हेंबर १९८२ला वेल्श वाहिनी सुरू झाली. निवडणूक हरलेल्या माणसाने ती मिळवली.

आणि मग १८ सप्टेंबर १९९७. पुन्हा सार्वमत, तोच प्रश्न. रात्रभर एकेका काउंटीचे निकाल येत होते आणि ‘नाही’ पुढे होतं. पहाटे फक्त एक निकाल उरला होता: कारमार्थनशायर. (या काउंटीत शेजारचं ह्लानेह्लीही येतं, म्हणजे जुन्या मतदारसंघाची सीमा आणि ही एक नाही.) तो आला: हो ४९,११५, नाही २६,११९. मागे पडलेलं ‘हो’ एकदम पुढे गेलं आणि सबंध वेल्समध्ये ६,७२१ मतांनी जिंकलं. आज कार्डिफमध्ये वेल्सची संसद आहे ती त्या पहाटेमुळे. तीन मतांवर अडलेल्या मुलखाने या वेळी जवळजवळ तेवीस हजारांचा फरक दिला.

इथे थांबले असते तर गोष्ट छान संपली असती. पण २०११च्या जनगणनेत कारमार्थनशायरमध्ये वेल्श बोलणारे ४३.९ टक्के उरले होते आणि २०२१मध्ये ३९.९ टक्के. कायदा आहे, वाहिनी आहे, संसद आहे, रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत आहेत, आणि स्वयंपाकघरात बोलणारी माणसं कमी होत आहेत. मताने गाडी परत आणता येते, शाळा वाचवता येते, कायदा करता येतो. आईने मुलाशी कुठल्या भाषेत बोलावं हे मतपेटीतून ठरत नाही. मात्र शाळा आणि काम गावात उरलं नाही, तर आईला निवड तरी कुठे उरते? म्हणून मला पोट आणि भाषा ही जोडी आता वेगळी करता येत नाही.

२०२४मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली. नव्या मतदारसंघाचं अधिकृत नाव इंग्रजी नाही, फक्त वेल्श आहे: काइरवर्दिन. पहिल्याच निवडणुकीत हुजूर पक्षाचे मुख्य प्रतोद सायमन हार्ट तिथे तिसरे आले, मजूर पक्ष दुसरा, आणि प्लाइडच्या ॲन डेव्हिस जिंकल्या, सुमारे ३४ टक्के मतांवर. म्हणजे तीनातल्या दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. काइरवर्दिन अजून कुणाच्या खिशात गेलेलं नाही.

परवा भाचीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. ती इंग्रजीत विचारते, मी मराठीत उत्तर देते, ती पुन्हा इंग्रजीत. आजपर्यंत मी एका वाक्यानंतर हार मानून इंग्रजीवर यायचे. या वेळी पुढची तीन वाक्यंही मराठीतच बोलले. चौथ्याला ती म्हणाली, “मावशी, हळू बोल ना.”